सायकलीच्या शॉकअपची निगा : घरच्या घरी

व्यापारी घरात यंत्राचे मोल दोनदा मोजले जाते : एकदा खरेदीच्या दिवशी आणि पुढे दरवर्षी घसाऱ्याच्या रकान्यात. मुलांसाठी घेतलेली डोंगरी सायकल मात्र या हिशेबातून सहसा निसटते. पुढचे चाक धरून धक्के झेलणारा शॉकअप हा तिचा महागडा भाग. आणि त्याची झीज आतून होत असल्याने ती वेळीच लक्षात येत नाही.

सायकलीला हे साधन तसे अलीकडचेच. मोटरसायकल शर्यतींचा अनुभव असलेल्या पॉल टर्नर यांनी १९८९ मध्ये अमेरिकेत स्टीव्ह सिमन्स यांच्यासह रॉकशॉक्स ही कंपनी स्थापन केली आणि हे तंत्र सायकलीवर रुजवले. यात वरच्या दोन गुळगुळीत नळ्या खालच्या कवचात वरखाली सरकतात. दाबलेली हवा किंवा स्प्रिंग धक्का झेलते, तर चांगल्या बनावटीत तेलाची बंद यंत्रणा उसळी आवरते. कवचाच्या तोंडाशी रबरी सील असते.

आपल्या बीड जिल्ह्यात या सीलची कसोटी लागते. मांजरसुंबा, कपिलधार परिसरातील बालाघाटाच्या वाटांवर उन्हाळ्यात मुरमाची धूळ आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल. सीलखाली शिरलेला कण घासकागदासारखा नळीवर फिरतो. नळीवर ओरखडा उमटला की तेल गळू लागते, आणि मग खर्च निगेचा न राहता नव्या खरेदीचा होतो.

रॉकशॉक्सच्या अनेक शॉकअपसाठी खालच्या कवचाची निगा दर ५० तासांनी सांगितलेली आहे. रोज एक तास सायकल चालवणाऱ्याला ही मुदत ५० दिवसांत गाठते. केवळ रविवारी दोन तास चालवणाऱ्याला २५ आठवड्यांत.

घरी करावयाचे काम क्रमाने असे. चाक व ब्रेकचा कॅलिपर बाजूला काढावा. डिस्कला तेलाचा थेंबही लागता कामा नये. हवेचा दाब टिपून ठेवून हवा पूर्ण सोडावी. हे न करता काहीही उघडणे धोक्याचे आहे. खाली ट्रे ठेवून तळाचे बोल्ट तीन-चार फेरे सैल करावेत, रबरी हातोडीने त्यांवर हलकेच ठोकावे, मग ते काढून कवच ओढून घ्यावे. आतील भाग लोंबत नसणाऱ्या कापडाने पुसावा, सीलखालील स्पंजाच्या कड्या स्वच्छ करून तेलात भिजवाव्यात. कवच अर्धे चढवून, तळाच्या छिद्रातून सुई नसलेल्या सिरिंजने कंपनीच्या तक्त्यात दिलेले मोजके तेल सोडावे. बोल्ट सांगितलेल्या ताकदीनेच आवळावेत आणि शेवटी शॉकअपच्या खास पंपाने हवा भरावी. जुने तेल गटारात न ओतता बाटलीत साठवून गॅरेजवाल्याकडे द्यावे.

स्प्रिंगच्या साध्या शॉकअपमध्ये बहुधा तेलाऐवजी ग्रीस असते. काही तर उघडण्याजोगेच नसतात. म्हणून आधी माहितीपत्रक पाहावे. तेलाची बंद यंत्रणा मात्र जाणकार कारागिराकडेच सोपवावी.

एरवी प्रत्येक फेरीनंतर मऊ कापडाने नळ्या पुसणे आणि जोरदार पाण्याचा फवारा सीलवर न मारणे, एवढे मूलही करू शकते. त्याच्याच हाती एक छोटी वही द्यावी : तारीख, चालवलेले तास, बदललेले तेल. वस्तू विकत घेणारा आणि वस्तू सांभाळणारा यांतील अंतर त्याला त्या वहीतून कळेल.