वाट पाहायला लावलीत, आता द्या!

‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ या मालिकेचं दुसरं पर्व २०२४च्या ऑगस्टमध्ये संपलं, तेव्हा पडद्यावर चहूबाजूंनी फौजा निघालेल्या होत्या. उत्तरेचं सैन्य चालू लागलं होतं, आरमारानं शिडं उभारली होती, ड्रॅगन आकाशात होते. आता लढाई जुंपणार, एवढ्यात पर्वच संपलं. आठ आठवडे ज्या क्षणाची वाट पाहिली, तो पुढच्या पर्वावर गेला.

त्या दिवसापासून चाहत्यांत दोन तट पडले ते आजही आहेत. एक तट म्हणतो, उगाच ताणलं. दुसरा म्हणतो, अरे, तापू तर द्या. सगळं लगेच हवं असेल तर रील बघा. हा वाद जगभर चालला, आणि तेव्हा जिओसिनेमावर हिंदीतून मालिका पाहिलेल्या आपल्याकडच्या पोरांतही चालला. शहादा-नंदुरबारच्या कॉलेजांत ड्रॅगनची नावं पाठ असलेली मुलं कमी नाहीत. दोन्ही तटांचं म्हणणं ऐकल्यावर मला वाटतं, दोघंही चुकीच्या जागी बोट ठेवत आहेत. संथपणा हा मुळात मुद्दाच नाही. लोकांना रात्रभर जागं ठेवून पहाटे त्यांच्या पदरात काय टाकायचं, याचं भान नंदुरबार जिल्ह्याइतकं जुनं फार थोड्या ठिकाणी असेल.

अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी घ्या. काठी हे सातपुड्यातलं जुनं मेवासी संस्थान. ही होळी १२४६पासून चालत आल्याचं सांगितलं जातं. आधी त्या परिसरात भोंगऱ्या बाजार भरतात. ढोल वाजतात, गूळ, डाळ्या, खजूर, हार-कंगण यांची खरेदी होते. दांड्यासाठीचा उंच, सरळ बांबू गुजरातच्या जंगलातून आणला जातो, साठ-सत्तर फुटांचा. त्याच्यासाठीचा खड्डा कुदळ-फावड्यानं खणत नाहीत, हातानं माती उकरून करतात. ज्यांनी नवस बोललेला असतो ते मोरखी, बावा, बुध्या होतात आणि पाळणी पाळतात. पाळणी म्हणजे त्या दिवसांत खाटेवर झोपायचं नाही, अंघोळ नाही, खाण्यापिण्याची कडक बंधनं. अंगभर पांढरी नक्षी, कमरेला घुंगरू आणि वाळलेले दुधी, डोक्यावर मोरपिसांचा टोप.

आणि होळी पेटते कधी? पौर्णिमेच्या संध्याकाळी नाही, पहाटे. सगळी रात्र मध्ये असते.

ही रात्र नीट पाहिली पाहिजे. काठीची होळी हा खेळ नव्हे, ते व्रत आहे. तिला करमणुकीच्या रांगेत बसवायचा माझा मुळीच हेतू नाही. पण हजारो माणसं थंडीत, उघड्यावर, न कंटाळता उभी राहतात याचं कारण श्रद्धेबरोबरच त्या रात्रीच्या घडणीतही आहे. रात्र रिकामी नसते. एका पाड्याचा ढोल लांबून ऐकू येतो, मग जवळ येतो, मग ती मंडळी रिंगणात शिरतात. थोड्या वेळानं दुसऱ्या पाड्याची येतात. रिंगण मोठं होत जातं. आलेला ढोल परत जात नाही. दांडा सजतो, मग उभा राहतो, आणि एकदा उभा राहिला की तो आता फक्त पेटणार असतो. प्रत्येक प्रहर मागच्या प्रहरावर काहीतरी चढवतो आणि चढवलेलं उतरवत नाही. म्हणून पहाटे दांड्याला आग लागते तेव्हा ती आग काही मिनिटांची असली तरी तिच्यामागे सगळी रात्र उभी असते.

यात अनपेक्षित काहीच नाही, हेही लक्षात घ्या. होळी पहाटे पेटणार हे लहान पोरालाही ठाऊक असतं. ‘पुढे काय होणार’ एवढ्यावरच कथा चालते असं मानणाऱ्यांना हे कोडं वाटेल. आपल्याला वाटू नये. वाघ्या-मुरळीच्या जागरणात खंडोबा बाणाईला आणणार हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. हीच कथा महेश कोठारे यांच्या ‘जय मल्हार’नं २०१४पासून जवळजवळ तीन वर्षं झी मराठीवर रोज सांगितली आणि घराघरांत ती पाहिली गेली. बाणाई येणार की नाही, हा प्रश्न कुणालाच पडलेला नव्हता. ती आल्यावर म्हाळसा कशी वागेल, देव दोघींना कसं तोंड देईल, हे पाहायचं होतं.

‘रात्रीस खेळ चाले’चं उदाहरण याहून बोलकं आहे. २०१६मध्ये सुरू झालेलं पहिलं पर्व अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून निघतं आणि रहस्यावर चालतं. सावंतवाडीजवळच्या आकेरीतलं ते घर महाराष्ट्रभर ओळखीचं झालं. लोक रोज तर्क लढवत होते. पण शेवटी जो उलगडा झाला त्यानं बऱ्याच जणांचं समाधान झालं नाही. मग २०१९मध्ये दुसरं पर्व आलं, ते आधीची गोष्ट सांगणारं. अण्णा मरणार, घराची वाताहत होणार, हे प्रेक्षकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक. तरीही माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता यांनी जी पकड घेतली ती पहिल्या पर्वाला घेता आली नव्हती, असं मला वाटतं. शेवट माहीत असल्यामुळे प्रत्येक पाऊल कुठं चाललंय हे दिसत होतं, आणि म्हणून ते टाकलेलं पाऊल जास्त बोचत होतं.

‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’ही तशीच आधीची गोष्ट आहे. ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या सुमारे पावणेदोनशे वर्षं मागची. टारगेरियन घराणं आपसांत लढून ड्रॅगनसकट खचणार, हे जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या २०१८मध्ये आलेल्या ‘फायर अँड ब्लड’मध्ये छापलेलंच आहे. तेव्हा चाहत्यांची तक्रार ‘काय होणार ते सांगा’ अशी नाहीच. मग तक्रार नेमकी कशाची?

याचं उत्तर त्याच मालिकेच्या पहिल्या पर्वात सापडतं. त्यातला राजा व्हिसेरिस सुरुवातीला धट्टाकट्टा आहे. लोखंडी सिंहासनाची पाती त्याला कापतात, एक जखम भरत नाही. मग बोटं जातात. मग हात जातो. केस गळतात, चेहरा सडत जातो. भागामागून भाग तो कारभार ढकलत राहतो, भांडणं मिटवल्यासारखी करतो, निर्णय टाळतो. पाहणारे तेव्हाही कुरकुरत होते की ड्रॅगन कमी आणि दरबार जास्त. आठव्या भागात राजा अंथरुणाला खिळलेला आहे. दरबारात त्याच्या नातवाच्या हक्काचा निवाडा चालू आहे आणि त्याच्या मुलीची बाजू पडते आहे. अशात दारं उघडतात आणि राजा आत येतो. अर्ध्या चेहऱ्यावर सोनेरी मुखवटा, हातात काठी. सिंहासनापर्यंतचं अंतर तो पावलापावलानं कापतो. मालिका ते अंतर छाटत नाही. पायऱ्यांवर तोल जातो, मुकुट खाली पडतो, आणि ज्या भावानं त्याला आयुष्यभर छळलं तो डेमन पुढे होऊन तो मुकुट उचलतो आणि त्याच्या डोक्यावर ठेवतो.

तलवार नाही, आग नाही, एक म्हातारा खुर्चीपर्यंत चालत जातो. पॅडी कॉन्सिडाइन या नटाचं ते काम पाहताना अंगावर काटा येतो, कारण सात भागांत त्या देहातून जे जे गेलं ते परत आलेलं नाही. गेलेलं बोट पुढच्या भागात उगवलं नाही. संथ उभारणी फळाला येते ती अशी. प्रत्येक भागानं काहीतरी कायमचं घेतलं पाहिजे किंवा कायमचं दिलं पाहिजे. तसं होत असेल तर प्रेक्षक कितीही थांबतो, आणि होत नसेल तर चार भागही त्याला जड जातात.

याच मापानं दुसरं पर्व मोजून पाहा. चौथ्या भागातली रूक्स रेस्टची लढाई सगळ्यांना आवडली, आणि ती केवळ ड्रॅगन भिडले म्हणून नव्हे. एका बाजूची रेनिस परत जाऊ शकत होती, तरी ती वळते आणि मरते. दुसऱ्या बाजूचा राजा एगॉन जळतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होणार नाही. दोन्ही बाजूंचं न भरून येणारं नुकसान झालं. पण त्याच पर्वात डेमन तिसऱ्या भागात हॅरेनहॉलच्या पडक्या किल्ल्यात जातो आणि आठव्या भागापर्यंत तिथंच असतो. स्वप्नं पडतात, भास होतात, पुन्हा स्वप्नं पडतात. त्याच्यात काय बदललं हे एका स्वप्नातून कळण्यासारखं असताना तेच तेच फिरून येतं. चाहत्यांचा राग बहुतेक इथं आहे, आणि तो रास्त आहे. ‘तुम्हाला सबुरी नाही’ असं सांगून तो झटकता येणार नाही.

घाईनंही हेच नुकसान होतं. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ २०११मध्ये सुरू झालं तेच हिमपिशाच्चांच्या दृश्यानं आणि हिवाळा येतोय या इशाऱ्यानं. सात पर्वं तो इशारा चालू राहिला. सुरुवातीच्या पर्वांत विंटरफेलहून राजधानीला जायला भागच्या भाग लागत, आणि वाटेत माणसं बदलत. सातव्या पर्वात निरोप जातो आणि ड्रॅगन येतो, सगळं एका भागात. अंतराला किंमतच उरली नाही. मग २०१९च्या एप्रिलमध्ये ८२ मिनिटांच्या एका भागात तो सगळा हिवाळा एका रात्रीत संपला. त्या रात्रीचं चित्रण करायला ५५ रात्री लागल्या होत्या; कष्टात कसूर नव्हती. पण सात पर्वं ज्याची भीती घातली, त्याचा वार फार थोड्यांना लागला आणि सकाळी सगळे पुन्हा सिंहासनाच्या भांडणाकडे वळले. शेवटचं पर्व नव्यानं लिहा, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या.

ही घाई आणि ते ताणणं, दोन्ही बरेचदा एकाच ठिकाणाहून येतात: शेवट कधी हे लिहिणाऱ्याच्या हातात नसतं. आपल्या रोजच्या मालिकांत ते उघड दिसतं. मालिका कधी संपणार हे टीआरपीवर ठरतं, त्यामुळे लेखकाला काहीच कायमचं खर्च करता येत नाही. गैरसमज होतो, मिटतो, पुन्हा होतो. घर सोडून गेलेली सून महिनाभरात परत येते. मालिकेत पाणी घालतात असं आपण म्हणतो ते यालाच. आणि मग एक दिवस वेळ बदलते, आकडे पडतात आणि वर्षभराची गोष्ट आठवड्यात गुंडाळतात. तिकडे दैनंदिन मालिका नाही, पण भाग तिथंही कमी होत गेले. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं पर्व दहा भागांवरून सातवर, मग सहावर आलं. ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’चं दहावरून आठवर.

वेळ कापली की काय होतं हे खानदेशातल्या यात्रांना चांगलं माहीत आहे. तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून एकमुखी दत्ताची यात्रा आणि घोड्यांचा बाजार भरतो. अशा यात्रांतल्या लोकनाट्याची जुनी बांधणी रात्रभराची. गण, गवळण, रंगबाजी आणि मध्यरात्र उलटल्यावर वग. वगाला पहाट व्हायची. आधीच्या भागांत सोंगाड्या आणि पब्लिक यांची ओळख पक्की व्हायची, म्हणून वगात तोच सोंगाड्या गंभीर बोलला की मंडप गप्प व्हायचा. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंगे बंद झाले, २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. आजारी माणसांच्या आणि मुलांच्या झोपेसाठी तो नियम हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण तमाशाच्या घडणीवर त्याचा घाव खोल बसला. फडमालक वेळ वाढवून मागत राहिले. दहाच्या आत सगळं आटपायचं तर गाणी ठेवायची की वग, आणि तिकीट गाण्यांवर खपतं. वग आक्रसला.

म्हणून मला ‘हाऊस ऑफ द ड्रॅगन’च्या चाहत्यांना एवढंच सांगावंसं वाटतं की पुढच्या पर्वात ड्रॅगन किती आणि लढाया किती, हे मोजत बसू नका. हुकलेली समुद्रावरची लढाई तिसऱ्या पर्वात येईल, कथानकात ती टळणारच नाही. ती कितीही भव्य असली तरी दुसऱ्या पर्वाच्या आठ भागांचं फळ म्हणून ती लागणार नाही. मध्ये गेलेला काळ प्रेक्षकाच्या मनातून बरंच काही पुसून टाकतो. आठ भाग कमी पडले हे कारणही मला पटत नाही. हॅरेनहॉलची स्वप्नं दोन भागांत आटोपली असती आणि दरबारातल्या त्याच त्या बैठका अर्ध्यावर आणल्या असत्या, तर त्याच आठ भागांत ती लढाई मावली असती.