दर्या खुला, कव कुणाची?

मोबाइलचा गाभा सर्वांच्या मालकीचा आहे, तरी मोबाइलवर हुकूम मोजक्या कंपन्यांचा चालतो. लिनक्सच्या साडेतीन दशकांचा हा गुंता वसईच्या किनाऱ्यावरून पाहिला तर जरा सुटतो.

वसईच्या किल्ल्याला लागून असलेल्या पाचूबंदरला डोल जाळ्याची मासेमारी सांगावी लागत नाही. तळाशी खांब रोवायचा, त्याला जाळे बांधायचे आणि भरती-ओहोटीच्या ओढीला जाळ्याचे तोंड द्यायचे. त्या रोवलेल्या जागेला कव म्हणतात. समुद्र कुणाच्याही सातबाऱ्यावर नाही, पण बोंबील कुणाच्या जाळ्यात जाणार हे कव कुठे आहे आणि कुणाची आहे यावर ठरते. वसई-उत्तनकडचे मच्छीमार आणि सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार यांच्यातला वर्षानुवर्षांचा वाद म्हणूनच समुद्राच्या मालकीचा नाही, कवीच्या जागेचा आहे. सामाईक मालमत्तेचा हा साधा नियम ध्यानात ठेवला, तर संगणकाच्या जगातली सर्वांत मोठी सामाईक मालमत्ता समजायला सोपी जाते. तिचे नाव लिनक्स. ती खुली आहे का, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. आता प्रश्न उरला आहे तो तिच्यातल्या कवींचा.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्रावरचा तांडेल. इंजिन केव्हा चालवायचे, जाळे केव्हा टाकायचे, कोणत्या खलाशाने काय करायचे हे तो ठरवतो; तसे प्रोसेसर, मेमरी, पडदा आणि अॅप यांच्यातले काम ही प्रणाली वाटून देते. या तांडेलाची अक्कल कंपन्यांनी कुलपात ठेवायला सुरुवात केली, तेव्हा अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीची घोषणा केली. त्यांची खरी करामत प्रोग्रॅमपेक्षा परवान्यात होती: हा कोड कुणीही घ्या, बदला, विकाही, पण बदललेला कोड दुसऱ्याला दिलात, तर हेच हक्क त्यालाही द्या. ग्नूचा बराच संसार उभा राहिला, पण गाभा तेवढा अडून बसला होता. २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातल्या लायनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण केवळ हौसेखातर एक प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, आणि १९९२ मध्ये तिचा गाभा, म्हणजेच लिनक्स, ग्नूच्या परवान्याखाली आणला. १९९४ च्या पहिल्या पूर्ण आवृत्तीत पावणेदोन लाखांच्या आसपास ओळी होत्या. आज त्या चार कोटींपलीकडे गेल्या आहेत. ज्याने सुधारून पुढे दिले त्याने तेही खुलेच ठेवावे, अशी अट होती म्हणून हे भांडार वाढत राहिले. नुसते फुकट असते, तर ते केव्हाच लुटून संपले असते.

त्याच १९९१ मध्ये पुण्यात स्वावलंबनाचा दुसरा मार्ग आकाराला आला. अमेरिकेने महासंगणक द्यायला आढेवेढे घेतल्यावर १९८८ मध्ये सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ तयार झाला. एका बाजूला सरकारने पैसा आणि माणसे एकवटून घडवलेले यंत्र. दुसऱ्या बाजूला जगभर विखुरलेल्या अनोळखी माणसांनी मिळून शिवलेली गोधडी. तेव्हा कुणालाही पहिलाच मार्ग भरवशाचा वाटला असता. पण नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांची यादी पूर्णपणे लिनक्सची आहे. २०२० मध्ये या यादीत ६३ वा आलेला सी-डॅकचा ‘परम सिद्धी’ही त्याला अपवाद नाही. म्हणजे यंत्र देशी असावे, असा आग्रह धरणाऱ्यांनीही प्रणाली मात्र जगाच्या सामाईक भांडारातून उचलली, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही.

आता किनाऱ्यावर येऊ. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये वाढवण बंदराच्या पायाभरणीसोबतच मासेमारी नौकांसाठीच्या देशव्यापी ट्रान्सपॉन्डर योजनेचा प्रारंभ झाला. सुमारे ३६० कोटी रुपयांची ही योजना, किनारी राज्यांतल्या एक लाख नौका, आणि तंत्र इस्रोचे. मोबाइलची रेंज संपते तिथेही उपग्रहामार्फत संदेश देता-घेता येतो आणि तो ‘नभमित्र’ या अॅपवर वाचता येतो. उपग्रह आपला, ट्रान्सपॉन्डर आपला, अॅपही आपले. पण साखळीची शेवटची कडी म्हणजे खलाशाच्या हातातला फोन, आणि तो देशात दहातल्या नऊहून अधिक वेळा अँड्रॉइड असतो. २००८ मध्ये बाजारात आलेल्या अँड्रॉइडचा गाभा लिनक्स आहे आणि त्यावरचा मूळ थरही खुला आहे. पण अॅपचे दुकान, नकाशे, सूचना पोचवणारी यंत्रणा आणि अॅपची खातरजमा करणाऱ्या सेवा गूगलच्या आहेत. अपडेट द्यायचे की नाही, ते फोन बनवणारी कंपनी ठरवते. दुसरी प्रणाली घालायची वाट बहुतेक फोनांत कुलूपबंद असते. दर्या खुला, कवी मात्र ठरलेल्यांच्या. ही नुसती उपमा नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने नेमक्या याच वर्चस्वाच्या गैरवापरासाठी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. पाचूबंदरचा खलाशी फोनचा कोड उघडून वाचणार आहे थोडाच? मग गाभा खुला असला काय, बंद असला काय, त्याला फरक कोणता? या आक्षेपाचे उत्तर ‘दर्या’ याच शब्दात आहे. समुद्र म्हणजे ‘दर्या’ आणि दरीचे अनेकवचन ‘दऱ्या’. पहिल्यात य च्या डोक्यावर रफार, दुसऱ्यात य च्या डाव्या अंगाला टेकलेला आडवा अर्धा र. हिंदीला या दुसऱ्या र ची गरज पडत नाही, त्यामुळे हिंदीपुरते तपासलेले सॉफ्टवेअर मराठीत इथेच ठेचकाळते. ल आणि श यांच्या मराठी वळणाचीही तीच गत. राज्य शासनाने २००९ मध्ये ती वळणे प्रमाण म्हणून सांगितली, पण शासन निर्णयाने फॉन्ट बदलत नाहीत. ते बदलायला कुणीतरी बसावे लागते. रेड हॅट या लिनक्स कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी लोहित हे मुक्त फॉन्ट वर्षानुवर्षे सांभाळले, मराठी अनुवादकांनी लिनक्सचे मेनू मराठीत आणले आणि अक्षरे जुळवण्याचे काम करणाऱ्या ‘हार्फबझ’सारख्या खुल्या यंत्रणेत भारतीय लिप्यांचे बारकावे शिरले. हीच हार्फबझ अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्स वापरतात. एका ठिकाणी केलेली दुरुस्ती, तिचे कर्तेपण ठाऊक नसलेल्या कोट्यवधी पडद्यांवर पोचते. कोड वाचण्याचा हक्क दहा जण वापरतात आणि फळ दहा कोटींना मिळते. बंद प्रणालीत हेच दहा जण अर्ज लिहीत बसले असते.

दुसरा आक्षेप भरवशाचा. पगार नाही, जबाबदारी नाही, अशा लोकांच्या कामावर उपग्रह-संदेशाची आणि बँकेची साखळी लटकवायची का? यातला एक भाग गैरसमजाचा आहे: लिनक्सच्या गाभ्यावरचे बहुतांश काम आज इंटेल, गूगल, रेड हॅट यांसारख्या कंपन्यांचे पगारी अभियंते करतात. पण दुसरा भाग खरा आहे आणि तो झटकून टाकू नये. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या छोट्या, पण जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असलेल्या साधनात चोरदरवाजा सापडला. ते साधन मुख्यतः एक थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता. कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदतीच्या मिषाने त्याचा विश्वास कमावला आणि घाव घातला. तो पकडला गेला तोही खुलेपणामुळेच: लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेने एका अभियंत्याने कोड खणला. चारच महिन्यांनी, जुलैमध्ये, क्राउडस्ट्राइक या नामांकित कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले आणि विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. तेव्हा किंमत मोजली म्हणून भरवसा मिळतो असे नाही, आणि खुले आहे म्हणूनही तो आपोआप मिळत नाही. भरवसा देखभालीतून येतो. डोल जाळे फाटले तर ते विणून घ्यावेच लागते, मग समुद्र कितीही उदार असो.

तिसरा आक्षेप देशाभिमानाच्या वाटेने येतो: मग आपली स्वतःची प्रणालीच का नको? तसे प्रयत्न झाले आहेत. सी-डॅकची ‘बॉस’ २००७ मध्ये आली. २०२३ मध्ये आयआयटी मद्रासच्या परिसरातून ‘भारओएस’ पुढे आली आणि त्याच वर्षी संरक्षण मंत्रालयाने ‘माया’चा स्वीकार केला. बॉस डेबियन या आणि माया उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीवर, तर भारओएस अँड्रॉइडच्या खुल्या थरावर उभी आहे. यात लाजण्यासारखे काही नाही. सामाईक भांडार असते ते यासाठीच. चूक होते ती नामकरणालाच काम समजण्यात. नवी बोट बांधून, नाव रंगवून किनाऱ्यावर ठेवली तर ती मासे आणत नाही. केरळने नव्या नावाचा गाजावाजा न करता शाळांमध्ये मुक्त प्रणाली आणली, शिक्षकांना प्रशिक्षण दिले आणि मल्याळम संगणनासाठी झटणारा कार्यकर्त्यांचा समुदायही तिथे २००२ पासून उभा राहिला. तिथे विद्यार्थी लिनक्स ‘शिकत’ नाहीत, त्यावर शिकतात. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण आखले आहे. कमतरता धोरणाची नाही, रोजच्या राबत्याची आहे.

आणि पुढचा काळ राबत्याचाच आहे, कारण कवी आणखी घट्ट होत आहेत. प्रमाणित अँड्रॉइड फोनवर फक्त ओळख पटवून दिलेल्या विकसकांचीच अॅप घालता येतील, मग ती दुकानाबाहेरून आणलेली का असेनात, असे गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केले. फसव्या अॅपना आळा घालणे हे त्यामागचे कारण खोटे नाही. ऑनलाइन लुबाडणुकीचे बळी आपल्याकडे कमी नाहीत. पण दाखला कुणाला द्यायचा हे एकच कंपनी ठरवणार असेल, तर मच्छीमार सोसायटीने स्वतःसाठी बनवलेल्या अॅपचीही वाट तिच्याच दारातून जाईल. विरोध झाल्यावर जाणकारांसाठी आडवाट ठेवण्याचे कंपनीने कबूल केले, यावरून दोन गोष्टी कळतात: विरोधाला फळ येते, आणि आडवाट ही शेवटी आडवाटच असते.

म्हणून मागणी नेमकी हवी. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून, फोनच्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षे अपडेट देणे बंधनकारक झाले आहे. स्वस्त फोन जिथे मोठ्या प्रमाणावर खपतात, त्या भारताला हा नियम अधिक लागू पडतो. जनतेच्या पैशाने बनलेल्या अॅपचा कोड खुला असावा आणि ती अॅप एकाच दुकानातून मिळावीत अशी अट नसावी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. शाळांतले त्यावरचे संगणक भंगारात काढण्याआधी त्यांवर लिनक्स घालून पाहावे. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला आहेच, तर सोहळ्यांच्या खर्चातला थोडा वाटा फॉन्ट, कळफलक आणि अनुवाद सांभाळणाऱ्या माणसांच्या पगारावर पडावा. यातली एकही गोष्ट नवी प्रणाली शोधून काढायला सांगत नाही. खुला समुद्र तीन दशकांहून अधिक काळ समोर आहे. डोलकराला ठाऊक असते की रिकामी सोडलेली जागा फार दिवस रिकामी राहत नाही. भरतीच्या आधी जो खांब रोवतो, ओहोटीला जाळे त्याचेच भरलेले असते.