ब्राउझर नाही, नेटही नाही, तरी वेब पेज उघडतं कसं?

आरमोरीहून जंगलाकडच्या गावांत गेलं की मोबाईलची रेंज कधी येते, कधी जाते. अशा वेळी अभ्यासासाठी मराठी विकिपीडिया हवा असेल तर? त्यासाठी ‘किविक्स’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे.

हे चालतं कसं?

वेब पेज म्हणजे मुळात एचटीएमएलमध्ये लिहिलेली फाईल. ती वाचून मजकूर, चित्रं, लिंक जागच्या जागी मांडायचं काम ब्राउझरमधलं इंजिन करतं. हेच इंजिन दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या विंडोतही बसवता येतं. कॉम्प्युटरवरच्या किविक्समध्ये ‘क्यूटी वेबइंजिन’ आहे. ते क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर बनलंय. व्हीएस कोडच्या विंडोतही क्रोमियमच असतं.

पान सर्व्हरवरून आलं की डिस्कवरून, इंजिनला काही फरक पडत नाही. किविक्स ते तुमच्याकडच्या ‘झिम’ फाईलमधून उचलतं. म्हणून नेट लागत नाही.

काय करायचं?

१. वाय-फाय मिळेल तिथे मराठी विकिपीडियाची झिम फाईल एकदाच डाउनलोड करा. चित्रांशिवायची फाईल लहान असते.
२. कॉम्प्युटरसाठी ती पेनड्राइव्हने मित्रांनाही द्या.
३. फोनवर किविक्सचं अँड्रॉइड अ‍ॅप घ्या. त्यातूनच फाईल डाउनलोड होते.

एक लक्षात ठेवा

फाईल बनली तेव्हापर्यंतचीच माहिती त्यात असते. फाईलच्या नावात वर्ष आणि महिना असतो, तो बघा. इतिहास-भूगोल वाचायला हरकत नाही. पण परीक्षेच्या तारखा आणि योजनांचे नियम रेंज आल्यावर अधिकृत वेबसाइटवरच तपासा.