विश्लेषण : दुकानातील टीव्हीचा पडदा ऐनवेळी काळा का पडतो?

दुपारचे साडेबारा. खानावळीत काउंटरमागच्या टीव्हीवर थाळीचे दर दिसायला हवेत, तर पडदा काळा आणि संगीत मात्र सुरू. पेनड्राइव्हमधला तोच व्हिडीओ मालकाच्या मोबाइलवर नीट चालतो. मग दोष टीव्हीमागच्या प्लेअर बॉक्सचा ठरतो आणि नवा बॉक्स येतो. अनेकदा हा खर्च वाया जातो. आधी एक करा : पूर्वी नीट चालत असलेला जुना व्हिडीओ त्याच बॉक्सवर लावा. तो चालला तर बॉक्स ठणठणीत आहे, घोळ नव्या फाइलमध्ये आहे.

मोबाइलवर चालतो, मग बॉक्सवर का नाही?

‘एमपी४’ हे नुसते डब्याचे नाव. आत कोणती भाजी आहे, ते त्यावरून कळत नाही. चित्र एच.२६४ या जुन्या पद्धतीने दाबून भरलेले असते किंवा एचईव्हीसी (एच.२६५) या नव्या पद्धतीने. २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून आयफोन ७ व त्यापुढचे फोन नेहमीच्या सेटिंगवर एचईव्हीसीमध्येच चित्रण करतात. फाइल लहान होते, पण ती उलगडण्याची सोय जुन्या किंवा स्वस्त बॉक्सच्या चिपमध्ये नसते. आवाज वेगळ्या पद्धतीने भरलेला असतो, म्हणून तो ऐकू येतो. आवाज आहे पण चित्र नाही, ही या दुखण्याची ठळक खूण. फाइलच्या नावातले ‘एमओव्ही’ खोडून ‘एमपी४’ लिहिण्याचा उद्योगही काही जण करतात; त्याने आतले काहीच बदलत नाही.

उपाय काय?

संगणकावर ‘हँडब्रेक’ हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यातला ‘फास्ट १०८०पी३०’ हा तयार पर्याय व्हिडीओ एच.२६४ मध्ये बदलून देतो. चित्र अडखळत असेल, तरी बहुधा हाच उपाय लागू पडतो. कारण फोरके चित्रणाचा भार छोट्या चिपला पेलत नाही. पुढच्या वेळी आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडूनच चित्रण करा.

पेनड्राइव्हच दिसत नसेल तर?

तो एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला असू शकतो. जुने बॉक्स बहुधा फॅट३२ वाचतात. मात्र त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल मावत नाही. फॉरमॅट केल्यास आतले सगळे पुसले जाते, तेव्हा प्रत आधी काढून ठेवा.

बॉक्स मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो, तो का?

अडॅप्टर वाचवण्यासाठी बॉक्सची वायर टीव्हीच्या यूएसबी पोर्टमध्ये खोचलेली असते. यूएसबी २.० पोर्टमधून प्रमाणानुसार अर्धा अँपिअर वीज मिळते, ती अनेक बॉक्सना अपुरी पडते. बॉक्ससोबत आलेला अडॅप्टरच वापरा.

वीज गेल्यावर संध्याकाळी सकाळचा मेनू?

रास्पबेरी पाय ४ सारख्या प्लेअरमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. वीज परत आल्यावर इंटरनेट मिळेपर्यंत त्याला खरी वेळ कळत नाही आणि वेळापत्रक चुकते. वायफायचा राउटर इन्व्हर्टरवर नसेल, तर भारनियमनाच्या गावात हे वरचेवर होणार. अशा वेळी बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन तारीख-वेळ हाताने लावावी लागते.