पायाकडं नको, वाऱ्याकडं पाहा!

‘मी हिंगोली जिल्ह्यातला, आणि सुट्टीत विंडसर्फिंग करतो’ असं सांगितलं की होस्टेलमध्ये ठरलेला प्रश्न येतो, “कशावर रे? सोयाबीनच्या वावरात?” त्यांचाही दोष नाही. समुद्र आमच्यापासून एक अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस लांब आहे. पण औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. वरच्या अंगाला येलदरी, तिथून सुटलेलं पाणी खाली आमच्या सिद्धेश्वरला. मामा तिथं मासेमारी करतात, त्यामुळं पाण्याची भीती मला लहानपणापासूनच नव्हती. पुढं गोव्यात आठ दिवसांचं विंडसर्फिंगचं शिबिर केलं आणि तिथंच एक जुनी फळी आणि शीड स्वस्तात मिळालं. गावाकडची हळद सांगलीच्या बाजारात उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून हे धूड घरी आलं. आईला वाटलं, पोरानं लग्नाच्या मांडवाचं सामान आणलं!

असो. सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. शिकवायला गुरू नाही, बरोबर खेळायला दुसरा कुणी नाही, अशा ठिकाणी शिकायचं कसं? माझं उत्तर आहे – मोबाईलवर काढलेल्या साध्या, हलत्या, धुरकट क्लिपा. आणि त्या पाहणारी चार माणसं.

ही भानगड नेमकी काय?

विंडसर्फिंग म्हणजे एक तरंगती फळी, तिच्यावर उभी डोलकाठी आणि शीड, आणि हातात धरायला आडवी दांडी, तिला बूम म्हणतात. गंमत अशी की या होडीला सुकाणू नाही. डोलकाठी फळीला घट्ट बसवलेली नसते. ती युनिव्हर्सल जॉइंटवर बसते. होय, तोच, जो आपण थिअरी ऑफ मशीन्समध्ये व्हायवाच्या आदल्या रात्री पाठ करतो! त्यामुळं शीड कुठल्याही बाजूला कलवता येतं. शीड पुढं कलवलं की वाऱ्याच्या दाबाचं केंद्र पुढं सरकतं आणि फळीचं नाक वाऱ्यापासून दूर वळतं. मागं कलवलं की नाक वाऱ्याकडं येतं. बस, हेच सुकाणू.

ही रचना लोकप्रिय केली ती अमेरिकेतल्या जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर या दोघांनी. ड्रेक हे विमान अभियंते. त्यांनी १९६८ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९७० मध्ये पेटंट मिळालं. पण इंग्लंडमध्ये हा दावा टिकला नाही. पीटर चिल्व्हर्स नावाच्या पोरानं १९५८ मध्ये, वयाच्या बाराव्या वर्षी, तिथल्या किनाऱ्यावर अशीच घरगुती फळी चालवली होती. ते लक्षात घेऊन १९८५ मध्ये तिथल्या न्यायालयानं पेटंट अवैध ठरवलं. म्हणजे हौशी माणसाच्या खटपटीला कमी लेखू नका! १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे.

आता थोडं गणित. शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५ चौरस मीटरचं शीड आणि सेकंदाला ५ मीटर वारा धरला, तर जोर साधारण ७५ न्यूटन, म्हणजे साडेसात किलोचं वजन ओढल्यासारखं. वारा दुप्पट झाला की जोर चौपट, म्हणजे ३०० न्यूटन. तीस किलो! हे वजन दंडाच्या ताकदीवर किती वेळ धराल? म्हणून हात सरळ ठेवायचे आणि अंगाचं वजन मागं टाकून शीड तोलायचं. पुस्तकात हे सगळं मला कळत होतं. पाण्यावर कळत नव्हतं, आणि मुख्य म्हणजे कळत नाही हेच कळत नव्हतं.

पहिली क्लिप आणि फुटलेला फुगा

पहिल्यांदा मावसभावानं काठावरून क्लिप काढली तेव्हा मी मनात स्वतःला थेट ऑलिंपिकमध्ये पाहत होतो. हात सरळ, पाठ ताठ, नजर लांबवर… घरी येऊन पाहिलं तर काय! कोपरं वाकलेली, कंबर मागं निघालेली, मान खाली. गावाकडच्या संडासात बसल्यासारखा अवतार! मी ती क्लिप तीनदा पाहिली. तो मी नव्हेच, असं वाटावं इतका फरक.

असं का होतं? तोल सांभाळताना आपलं सगळं लक्ष पडू नये यात असतं. शरीराची आत जाणवणारी ठेवण आणि प्रत्यक्षातली ठेवण यांत अंतर पडतं, आणि चूक शंभरदा केली की तीच ‘बरोबर’ वाटायला लागते. कॅमेऱ्याला आपल्याबद्दल प्रेम नसतं, तो आहे तेच दाखवतो. आमच्याच तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा मंजूर आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, कशासाठी, तर माणसाला जाणवणार नाही इतकी सूक्ष्म हालचाल टिपण्यासाठी. आमच्यासारख्यांना खिशातला मोबाईल पुरतो.

चार जणांचे आठ डोळे

एकट्यानं पाहिल्यावर ठळक चुका दिसल्या, पण पुढं गाडी अडली. मग क्लिप पाठवायला सुरुवात केली. पहिला, माझा रूममेट. त्याला शीड आणि बेडशीट यांतला फरक कळत नाही, पण तो वेगवान गोलंदाज आहे. त्यानं लगेच सांगितलं, “भावा, तुझा पुढचा गुडघा लॉक झालाय. झटका आला की तू मोडणार.” बरोबर निघालं. दुसरा, गोव्याच्या शिबिरातला जोडीदार. तो स्वतःच्या क्लिपा मला पाठवायचा, मी माझ्या त्याला. त्यानं माझा पुढचा हात डोलकाठीपासून फार लांब आहे हे पकडलं. मी त्याचं पाऊल वळताना एक क्षण उशिरा पडतं हे पकडलं. आणि एक विचित्र गोष्ट लक्षात आली: दुसऱ्याची चूक शोधताना माझीच जास्त सुधारणा होत होती. कारण त्याच्यात जे शोधायचं ते आधी नीट समजून घ्यावं लागायचं. तिसरा मावसभाऊ, कॅमेरामन.

चौथे मामा. पण ते नंतर आले, आणि कसे आले ते सांगायलाच हवं.

मे महिन्यातली ती दुपार

उन्हाळ्यात आमच्याकडं वारा असतो, पण पाणी उतरलेलं असतं. दिवाळीच्या सुट्टीत पाणी भरपूर, तर वारा गायब! म्हणून मी मे महिन्यात उतरलो. त्या दिवशी वारा काठाकडून धरणाच्या आत वाहत होता. अशा वाऱ्यात काठाजवळचं पाणी फसवं शांत दिसतं. मी फळी ढकलली आणि बघता बघता बराच आत गेलो. तिथं एक झोत आला आणि शीड पडलं. उचललं, पुन्हा पडलं. पाण्यात पडलेलं शीड उचलणं म्हणजे भिजलेली गादी दोरीनं ओढणं. आठ-दहा वेळा झालं आणि हातातला जोरच संपला. फळी वाऱ्याबरोबर आणखी आत सरकत होती. जॅकेट अंगात होतं, पण उकाड्यामुळं त्याचे पट्टे मी सैल सोडले होते. पाण्यात पडलो की ते गळ्याशी यायचं. काठावरचा मावसभाऊ ठिपक्याएवढा दिसत होता. तेव्हा मी घाबरलो, खोटं कशाला सांगू.

मामा आणि त्यांचे एक जोडीदार होडी घेऊन आले. मला ओढून काढलं, फळी मागं बांधली. काठाला येईपर्यंत मामा एक शब्द बोलले नाहीत.

घरी आईनं जाहीर केलं, “आता पाणी बंद. ते लाकूड विकून टाक.” मी गप्प. रात्री जेवणं झाल्यावर मामा म्हणाले, “त्या पोरानं शूटिंग काढलंय म्हणं. दाव बरं.” त्यांनी ती क्लिप दोनदा पाहिली. काठावर बांबूला बांधलेली लाल रिबीन फ्रेमच्या कोपऱ्यात होती. तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, “चिंधी काय सांगायलीय पाह्य. वारा इकडून. अन् तू शीड कुन्या बाजूनं उचलायलास?” मी पाहिलं. शीड वाऱ्याच्या वरच्या बाजूला पडलं होतं आणि मी ते तसंच उचलत होतो. उचललं की वारा त्याच्याखाली शिरायचा आणि ते माझ्याच अंगावर आपटायचं. फळी आडवी करून, वाऱ्याकडं पाठ करून, शीड खालच्या बाजूला येईपर्यंत थांबायचं असतं. हे मला शिकवलेलं होतं! घाईत विसरलो होतो.

मग त्यांनी दुसरी जागा दाखवली. पहिल्यांदा पडण्याच्या दोन-तीन सेकंद आधी माझ्यामागं पाण्यावर एक काळपट पट्टा सरकत येताना दिसत होता. “पाणी काळं पडलं की झोत आला म्हणून समजावं. तू सारखा पायाकडं पाहायलास. वारा काय पायातून येतो का भाच्या?”

मामा आयुष्यात कधी फळीवर उभे राहिलेले नाहीत. पण ते पाणी चाळीस वर्षं वाचत आलेत. मी, रूममेट, गोव्याचा मित्र, आम्ही सगळे क्लिपमध्ये मला पाहत होतो. मामांनी पाणी पाहिलं.

क्लिप कशी काढावी, कशी पाहावी

या सगळ्यातून आमचे जे नियम ठरले ते देतो. तुम्ही गोलंदाजी करा, पोहा, तबला वाजवा नाहीतर वेल्डिंग शिका, थोड्याफार फरकानं लागू पडतील.

१. वारा फ्रेममध्ये हवा. काठावर बांबू रोवून रिबीन बांधा. माणसाबरोबर आजूबाजूचं पाणीही दिसू द्या. फार झूम केलं की कारण बाहेर राहतं आणि फक्त परिणाम दिसतो.

२. मोबाईल स्टँडवर किंवा दगडावर टेकवा आणि समोरचा काठ पडद्यावर आडवा सरळ ठेवा. मोबाईल तिरका असेल तर सरळ डोलकाठीही तिरकी दिसते आणि आपण नसलेली चूक दुरुस्त करत बसतो.

३. बाजूनं घेतलेल्या क्लिपमध्ये पाठ, गुडघे आणि कोपरं दिसतात. मागून घेतलेल्या क्लिपमध्ये शीड कोणत्या बाजूला कलतंय ते दिसतं. दोन्ही घ्या.

४. आधी पूर्ण वेगात पाहा, मग स्लो करा. साध्या क्लिपमध्ये सेकंदाला ३० चित्रं असतात. शीड ओढल्यापासून अंग मागं जाईपर्यंत १५ चित्रं गेली तर अर्धा सेकंद उशीर झाला! मात्र फक्त स्लो पाहू नका, त्यात सगळेच उस्ताद वाटतात.

५. अर्ध्या मिनिटाची क्लिप आणि तिच्यासोबत एकच प्रश्न पाठवा. ‘कसं वाटलं?’ विचारलं की ‘भारी’ असंच उत्तर येतं. ‘शीड उचलताना पाठ वाकते का?’ असं विचारा.

६. सांगणाऱ्यानं एका वेळी एकच चूक सांगावी. पाण्यावर डोक्यात एकच सूचना टिकते, दुसरी आली की पहिली बुडते.

७. पडलेल्या क्लिपा पुसू नका. खरं शिक्षण त्यांतच असतं.

आणि सुरक्षा? क्लिप काढणारा हा पहारेकरी नव्हे. माझी पूर्ण क्लिप निघाली, पण मावसभाऊ पडद्यात इतका गुंतला होता की मामांना हाक मारायला त्याला उशीर झाला. आता आमच्याकडं एक जण कॅमेऱ्याला आणि एक जण होडीजवळ असतो. परवानगी घेऊनच उतरायचं, जाळी कुठं टाकलीत ते आधी विचारायचं आणि वारा काठाकडून आत वाहत असेल तर उतरायचंच नाही. धरणाचं पाणी कुणाचा नातेवाईक नसतं.

शेवटी

२०२३ मध्ये चीनमधल्या हांगझौ इथं झालेल्या आशियाई स्पर्धेत ईबाद अली यांनी विंडसर्फिंगमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याच स्पर्धेत शिडाच्या होडीत रौप्य मिळवणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, आणि ती तयार झाली भोपाळच्या तलावावर. आपल्या चांदवड तालुक्यातले दत्तू भोकनळ दुष्काळी भागातून येऊन सैन्यात वल्हवायला शिकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १३ वे आले. समुद्र लांब आहे ही सबब आता चालायची नाही. मी काही त्यांच्या पंक्तीला बसणार नाही. पण मागच्या सुट्टीत मी न पडता एका काठावरून निघालो, वळलो आणि त्याच काठाला परत आलो. सुकाणू नसलेल्या फळीवर जिथून निघालो तिथंच परत येणं याची किंमत पाण्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

पाणी बंद करण्याचा आईचा हुकूम मामांनी एका अटीवर उठवून घेतला: रोजची क्लिप रोज संध्याकाळी घरात दाखवायची. मामा पाणी पाहतात, भाऊ शूटिंगची तारीफ ऐकायला बसतो. आई मात्र सुरुवातीलाच क्लिप थांबवते आणि जॅकेटचे तीन पट्टे मोजते. तिन्ही बांधलेले दिसले की म्हणते, “हं, लाव आता पुढं.”

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी