एका धावेचा भाव

परवा बचत गटाची बैठक आटोपली आणि गप्पा क्रिकेटवर आल्या. आमच्या जालन्याला या खेळाचं वेड आहेच. इथल्याच विजय झोलनं २०११ साली एकोणीस वर्षांखालच्या स्पर्धेत नाबाद ४५१ धावा काढल्या होत्या!

कुणीतरी म्हणालं, २०२४ च्या आयपीएल लिलावात ऋषभ पंतला २७ कोटी मिळाले. कापूस वेचायला जाणारी आमची एक सभासद लगेच म्हणाली, "ताई, अन् धावाच नाही निघाल्या तर? पैसे कापत्यात का?"

तिला वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. दिवसभर वाकून काट्यावर जेवढा कापूस भरेल, तेवढीच मजुरी.

धावा कमी झाल्या म्हणून लिलावाची रक्कम कापत नाहीत. मग मी कागद-पेन घेतलं. २०२५ मध्ये पंतच्या १४ सामन्यांत २६९ धावा, त्यातल्या ११८ शेवटच्या एकाच सामन्यात. म्हणजे एक धाव १० लाखांना पडली. सांगलीची स्मृती मानधना २०२३ च्या पहिल्या महिला लिलावात सर्वांत महाग, ३ कोटी ४० लाखांना गेली. त्या वर्षी ८ सामन्यांत १४९ धावा, एकही अर्धशतक नाही. तरी धाव सव्वादोन लाखांच्या आसपासच! पुढच्या वर्षी तिनं ३०० धावा काढल्या आणि कर्णधार म्हणून बंगळुरूला विजेतेपदही मिळवून दिलं. पैसे तेवढेच.

खरं तर संघमालक धावा विकत घेतच नाहीत, ते प्रेक्षक विकत घेतात. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपणाचे हक्क पुरुषांच्या आयपीएलचे ४८,३९० कोटींना गेले, महिलांचे ९५१ कोटींना. एवढं मला पटतं. बाजार आहे, चालायचंच.

पण देशासाठी खेळतानाचं काय? ऑक्टोबर २०२२ मध्ये मंडळानं सामन्याचं मानधन स्त्री-पुरुषांना सारखं केलं, छानच झालं. वार्षिक कराराचं मात्र तसं नव्हतं. २०२४-२५ मध्ये महिलांच्या सर्वांत वरच्या श्रेणीला ५० लाख आणि पुरुषांच्या सर्वांत खालच्या श्रेणीला १ कोटी! नोव्हेंबर २०२५ मध्ये विश्वचषक जिंकला तो याच पोरींनी. त्यात स्मृतीच्या ४३४ धावा होत्या.

आमची सभासद गप्प बसून ऐकत होती. उठताना म्हणाली, "ताई, हे आकडे मला कागदावर लिहून द्या. लेकीच्या बापाला दाखवायचेत. ती बॅट मागतीय."