मुशीपासून अग्निबाणापर्यंत

सराफी पेढीशी ज्यांचा संबंध आला असेल, त्यांस सोनाराची मूस परिचित आहे. चांदी ९६२ अंश सेल्सियसला व सोने १०६४ अंशांना वितळते. त्या धगीत धातूचे पाणी होते, पण मूस जशीच्या तशी राहते. निव्वळ मातीची मूस मात्र एकाएकी तापविली वा थंड केली की तडकते आणि आतील ऐवज भट्टीत सांडतो. म्हणून मातीत काळे शिसे, म्हणजे ग्रॅफाइट, मिसळून मुशी घडविण्याची रीत पडली. ग्रॅफाइटमुळे उष्णता त्वरित सर्वत्र पसरते आणि मूस धक्का सोसते. दोन पदार्थ एकत्र आणून एकाचे उणे दुसऱ्याने भरून काढावयाचे, अशा पदार्थास शास्त्रज्ञ ‘संमिश्र’ म्हणतात. याच युक्तीची आजची प्रगत अवस्था आमच्या व्यापारी बंधुभगिनींस सुगम रीतीने सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चिनी मातीच्या जातीचे पदार्थ आगीला भीत नाहीत, पण आघाताला भितात. पितळेच्या तपेल्यास मार बसला तर पोचा येतो. चिनी बशीस बसला तर तिचे तुकडे होतात. धातूत चिरेच्या टोकाशी ताण आला की तेथील धातू किंचित सरकतो व ताण सैल पडतो. मृत्तिकेच्या पदार्थांत असे सरकणे नाही, म्हणून केसाएवढी चीर क्षणार्धात आरपार जाते. खेड्यात भिंतीच्या चिखलात गवताच्या काड्या तुडवितात, त्या चिरा आवरण्यासाठीच. शास्त्रज्ञांनी काड्यांच्या जागी सिलिकॉन कार्बाइडचे तंतू योजिले. जपानमधील तोहोकु विद्यापीठाचे सेइशी याजिमा यांनी १९७५ साली असे तंतू बनविण्याची कृती प्रसिद्ध केली.

या तंतूंची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असते. त्यांचे कापड विणतात, थरावर थर रचून हव्या त्या वस्तूचा आकार देतात आणि मधल्या पोकळ्या सिलिकॉन कार्बाइडने भरतात. हे भरणे तीन प्रकारे होते : सुमारे हजार अंशांच्या भट्टीत वायू सोडून, द्रवरूप राळ मुरवून ती पुनःपुन्हा भाजून, किंवा १४१४ अंशांना वितळणारे सिलिकॉन आत शोषवून. मात्र खरे मर्म याहून निराळे आहे. प्रत्येक तंतूवर प्रथम बोरॉन नायट्राइडचा किंवा कार्बनचा अतिशय पातळ लेप देतात, तो तंतू घट्ट चिकटू नये म्हणून! पकड फार घट्ट झाली तर चीर तंतूसही तोडून पुढे जाते. पकड बेताची असली तर ती तंतूपाशी वळते, बाजूने सरकते आणि तिचा जोर ओसरतो. वस्तू एकाएकी न फुटता पूर्वसूचना देऊन हळूहळू दुबळी होते.

माल सिद्ध झाला की परीक्षेचा क्रम सुरू होतो. क्ष-किरणांनी व श्राव्यातीत ध्वनीने आतील पोकळ्या शोधतात. भट्टीत तापवून यंत्राने ताणतात. तापलेल्या स्थितीत शेकडो तास भार टांगून ती किती लांबते हे मोजतात. तापविणे व थंड करणे यांची आवर्तने करतात. वाफेचीही परीक्षा घ्यावी लागते, कारण सिलिकॉन कार्बाइडवर आपोआप येणारी संरक्षक साय तप्त वाफ खाऊन टाकते. म्हणून वरून निराळे कवच द्यावे लागते.

परीक्षा अपुरी राहिली तर काय होते, याचे दुःखद उदाहरण कोलंबिया या अवकाशयानाचे आहे. त्याच्या पंखांची पुढील कड कार्बन-तंतू व कार्बन यांच्या संमिश्राची होती. परतीच्या प्रवासात सोळाशे अंशांवरील ताप ती सोशी, आणि अनेक उड्डाणांत तिने तो सोसलाही होता. परंतु मोठ्या तुकड्याचा आघात तिने सोसावा, अशी अटच मूळ आराखड्यात नव्हती. १६ जानेवारी २००३ रोजी उड्डाणानंतर सुमारे ८२ सेकंदांनी इंधनटाकीवरील हलक्या फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला. १ फेब्रुवारीस परतताना त्या भोकातून तप्त वायू आत शिरले, यान भंगले आणि कर्नाल येथे जन्मलेल्या कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर मृत्यू पावले. पुढे ७ जुलै २००३ रोजी पाऊण किलोचा फोम ताशी साडेआठशे किलोमीटरच्या वेगाने तशाच कडेवर मारून पाहिला, तेव्हा तिला सुमारे चाळीस सेंटिमीटरचे भगदाड पडले. हीच परीक्षा आधी झाली असती तर!

त्यानंतरही हे शास्त्र पुढेच गेले आहे. २०१६ साली प्रवासी विमानांच्या ‘लीप’ इंजिनात सिलिकॉन कार्बाइडच्या संमिश्राचे भाग सेवेत आले. निकेलच्या मिश्रधातूच्या मानाने त्यांचे वजन सुमारे तिसरा हिस्सा भरते. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अवकाश केंद्राने पी.एस.एल.व्ही. अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बन संमिश्राचे नोदक-मुख बनविले. २ एप्रिल २०२४ रोजी महेंद्रगिरी येथे ते २०० सेकंद पेटवून तपासले गेले. त्यामुळे त्या भागाचे वजन सुमारे ६७ टक्क्यांनी घटते व अग्निबाण १५ किलो अधिक भार नेऊ शकतो. अहमदाबादच्या एका जैन उद्योगपतीच्या घरी जन्मलेल्या साराभाईंचे नाव त्या केंद्रास आहे, याचा आम्हांस विशेष अभिमान वाटतो.

आम्ही व्यापारी वानगी पाहून माल घेतो. वानगी खरी असूनही माल दगा देतो, तो बहुधा आम्ही न विचारलेल्या प्रश्नापाशी. सोने कसोटीवर घासले तर कस कळतो. पोटात भरलेले हिणकस कळत नाही, त्यासाठी काप घ्यावा लागतो. ज्या प्रसंगास वस्तूने तोंड द्यावयाचे, त्याच प्रसंगी तिला आधी उभे करून पाहावे, ही शिकवण मुशीची आहे, अग्निबाणाची आहे आणि आमच्या पेढीचीही आहे.